सरावाच्या दिवशीचे जेवण दोन हप्त्यांत

ज्या घरातील मुले आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सरावाला जातात, त्या घरात रात्रीच्या जेवणाचा पेच पाककृतींच्या अभावामुळे पडत नाही, तो घड्याळामुळे पडतो. वीस मिनिटांत होणाऱ्या पदार्थांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात आणि त्यांतील बऱ्याचशा चांगल्याही असतात. परंतु एका मुलाला साडेपाचला मैदानावर पोहोचवायचे असेल, त्याचा सराव साडेसातला संपून घरी येऊन अंघोळ होईपर्यंत सव्वाआठ वाजणार असतील आणि दुसऱ्या मुलाचा पोहण्याचा तास नेमका याच्या मध्ये येत असेल, तर ती वीस मिनिटे नेमकी कुठून काढायची आणि तयार झालेला पदार्थ कोणी कधी खायचा, याचे उत्तर त्या यादीत नसते. आमच्या घरी दोन्ही मुले खेळतात आणि स्वयंपाकाची बरीचशी जबाबदारी माझ्याकडे आहे. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. सरावाच्या दिवशी रात्रीचे जेवण एकदाच वाढायचे नसते, ते दोन हप्त्यांत वाढायचे असते. पहिला हप्ता सरावाच्या आधी आणि दुसरा सरावानंतर. एवढी एक गोष्ट मान्य केली की काय शिजवायचे, किती शिजवायचे आणि कधी शिजवायचे, हे तिन्ही प्रश्न बरेच सुटसुटीत होतात.

बहुतेक घरांत याच्या उलट घडताना दिसते. दुपारी जेवलेले मूल चार-पाच तासांनी जवळजवळ रिकाम्या पोटी, किंवा हाताला लागेल ती बिस्किटे खाऊन मैदानावर जाते, दोन तास धावते आणि घरी परतते तेव्हा एकतर इतके भुकेलेले असते की पाने वाढेपर्यंतच्या दहा मिनिटांत ते वेफर्सचे पाकीट फोडते, नाहीतर इतके दमलेले असते की ताटावरच पेंगू लागते. त्यानंतर दिवसभरातले सर्वांत मोठे जेवण झोपेच्या अगदी तोंडावर पोटात जाते. यात पोषणाचे नुकसान होतेच, पण झोपेचे अधिक होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप मिळायला हवी. सकाळी साडेसहाला उठणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास झोप द्यायची असेल, तर ते साडेनऊला अंथरुणात हवे. म्हणजे सव्वाआठ ते साडेनऊ एवढ्या सव्वा तासात जेवण, दप्तर भरणे आणि थोडे शांत होणे हे सारे बसवायचे असते. या सव्वा तासात पूर्ण जेवणाचा भार कोंबण्याऐवजी त्यातील एक हिस्सा संध्याकाळी पाचच्या आत उरकून घेणे, हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पहिला हप्ता कसा असावा हे शरीराच्या गरजेवरून ठरते. वेगाने धावणे, उड्या मारणे, चेंडूमागे झेपावणे अशा जोरकस हालचालींसाठी स्नायूंना लागणारे इंधन मुख्यतः कर्बोदकांतून मिळते आणि ते ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंमध्ये व यकृतात साठवलेले असते. स्निग्ध पदार्थ आणि भरपूर तंतू असलेले अन्न जठरातून हळू पुढे सरकते. एरवी हा गुण चांगलाच, कारण पोट अधिक काळ भरलेले राहते. परंतु धावण्याच्या आधी तोच गुण मळमळ, पोटात कळ किंवा जडपणा यांना कारण ठरू शकतो. म्हणूनच पूर्ण जेवण खेळाच्या तीन ते चार तास आधी आणि हलके खाणे एक ते दोन तास आधी घ्यावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. येथे आरोग्यदायी अन्नाविषयीची आपली नेहमीची समजूत थोडी बाजूला ठेवावी लागते. एरवी ज्या कडधान्यांचा, सॅलडचा आणि कोंडायुक्त धान्यांचा आपण आग्रह धरतो, ती सरावाच्या तासभर आधी वाढण्याची गोष्ट नव्हे. त्या वेळी साधा पांढरा भात किंवा उकडलेला बटाटा अधिक योग्य असतो. कडधान्ये आणि कोशिंबिरी यांचे स्थान दुसऱ्या हप्त्यात आहे आणि तेथे त्यांना भरपूर जागा द्यावी.

त्यामुळे शाळेतून आल्यावर मुलाच्या समोर जे ठेवायचे त्यात कर्बोदके प्रमुख असावीत, थोडी प्रथिने असावीत आणि तेल-लोणी बेताचेच असावे. दह्यात कालवलेला भात, दुधात शिजवलेले ओट्स आणि वर केळ्याचे काप, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ व दही घालून, पावाच्या दोन कापांमध्ये उकडलेले अंडे, आदल्या रात्रीचा उरलेला पास्ता थोड्या टोमॅटोच्या रश्श्यासह, असे कितीतरी साधे पर्याय येथे चालतात. याला खाऊ म्हणू नये असे मला मनापासून वाटते, कारण खाऊ म्हटले की तो ऐच्छिक होतो, उभ्याउभ्या खाल्ला जातो आणि आवडीनिवडीच्या हवाली होतो. हा जेवणाचाच भाग आहे. ताटलीत वाढावा आणि बसून खाल्ला जावा. रात्रीच्या एकूण जेवणाचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग या वेळी पोटात गेला तर उत्तम. शाळा आणि सराव यांच्या मध्ये अर्धाच तास मिळत असेल, तर मात्र केळे, दोन-चार खजूर आणि पाणी एवढ्यावरच थांबावे आणि दुसरा हप्ता मोठा करावा. आमच्या घरी पोहणाऱ्या मुलीला मैदानावर खेळणाऱ्या मुलापेक्षा पोट अधिक रिकामे लागते, हेही निरीक्षणानेच कळले. प्रत्येक मुलाचे पोट वेगळे असते आणि नवीन पदार्थाची परीक्षा सामन्याच्या दिवशी न घेता साध्या सरावाच्या दिवशी घ्यावी.

दुसऱ्या हप्त्याविषयी पालकांच्या मनात एक अनावश्यक घाई असते. व्यायाम संपल्यावर अमुक मिनिटांच्या आत मुलाच्या पोटात काही गेले नाही तर सारी मेहनत वाया जाते, असे पुष्कळांना वाटते. आठ तासांच्या आत पुन्हा खेळायचे असेल, उदाहरणार्थ एकाच दिवशी दोन सामने असतील, तर लवकर आणि भरपूर कर्बोदके घेण्याला खरोखर महत्त्व असते. प्रौढ खेळाडूंसाठी अशा वेळी पहिले चार तास दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. परंतु दिवसातून एकदाच सराव करणाऱ्या मुलाच्या बाबतीत पुढच्या चोवीस तासांतील नेहमीची जेवणे ग्लायकोजेनचा साठा पुरेसा भरून काढतात. म्हणजे मुलाने शांतपणे अंघोळ करून मग जेवायला बसावे. त्यात काहीही बिघडत नाही. प्रथिनांचेही तसेच. एका जेवणात दर किलो वजनामागे सुमारे ०.३ ग्रॅम प्रथिने पुरतात असे धरले, तर ४० किलो वजनाच्या मुलाला १२ ग्रॅम हवीत आणि मध्यम आकाराच्या दोन अंड्यांतून साधारण तेवढीच मिळतात. शंभर ग्रॅम शिजवलेल्या मसुरातून सुमारे ९ ग्रॅम आणि पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम मिळतात. साध्या अन्नातून एवढ्या सहजतेने भागणाऱ्या गरजेसाठी मुलांना महागडी प्रथिन पावडर देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. आठवड्याच्या मधल्या रात्री काय करायचे याचा विचार मी पदार्थांच्या नावाने करत नाही, भागांच्या हिशेबाने करते. एक धान्य किंवा कंद, एक प्रथिनांचा पदार्थ, दोन भाज्या आणि त्यांना एकत्र आणणारी एखादी चव, मग ती टोमॅटोचा रस्सा असो, लिंबू-लसणाची असो किंवा दह्याची असो. या चारांपैकी दोन भाग आधीच तयार असतील, तर उरलेले दोन मूल अंघोळ करेपर्यंत होऊन जातात. चारही भाग त्याच वेळी शून्यापासून करायला घेतले की मात्र कितीही सोपी पाककृती असली तरी पाऊण तास लागतोच. म्हणून माझा सगळा भर कोणता भाग केव्हा करायचा यावर असतो. भात, उकडलेली कडधान्ये, उकडलेले बटाटे, टोमॅटोचा रस्सा, चिरून ठेवलेले गाजर-कोबी हे आधी करून ठेवण्याचे भाग आहेत. अंडी, मासे, पातळ कापलेले चिकन, टोफू आणि पालेभाज्या ऐन वेळी करण्याचे आहेत, कारण ते पटकन होतात आणि ठेवल्यावर त्यांची गोडी जाते. अडीच सेंटिमीटर जाडीचा माशाचा तुकडा दहा मिनिटांत शिजतो, पातळ पट्ट्यांत कापलेले चिकन मोठ्या आचेवर सहा-आठ मिनिटांत होते, पालक तर दोन मिनिटांत बसतो. चिकनच्या बाबतीत मी अंदाजावर विसंबत नाही. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की ते सुरक्षित मानले जाते आणि स्वयंपाकघरातील साधा तापमापक हे दोन सेकंदांत सांगतो.

आमच्या घरी सर्वाधिक वेळा होणारा दुसरा हप्ता म्हणजे मसूर आणि टोमॅटोचे दाट सूप. सालीची मसूर भिजवण्याच्या भानगडीत न पडता साल काढलेली केशरी मसूर घ्यावी, कारण ती उघड्या पातेल्यातही पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते आणि प्रेशर कुकरमध्ये त्याहून लवकर. थोड्या तेलात कांदा आणि लसूण परतून त्यावर धुतलेली मसूर, चिरलेले टोमॅटो, किसलेले गाजर आणि दाळीच्या चौपट पाणी घालावे, मसूर विरघळत आली की मूठ-दोन मुठी पालक चिरून टाकावा आणि गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळावे. लिंबू येथे केवळ चवीसाठी नाही. कडधान्यांतील आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात तुलनेने कमी शोषले जाते आणि त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते. उलट जेवणासोबत चहा-कॉफी घेतल्यास ते घटते. वयात आलेल्या खेळाडू मुलींच्या बाबतीत ही बारीकशी गोष्ट फार मोलाची आहे, कारण अमेरिकेतील शिफारशीनुसार १४ ते १८ वर्षांच्या मुलींना रोज १५ मिलिग्रॅम लोहाची गरज असते, तर त्याच वयाच्या मुलांना ११ मिलिग्रॅमची. सोबत भात किंवा पाव आणि एक वाटी दही असले की जेवण पूर्ण होते. हे सूप दुसऱ्या दिवशी अधिक दाट होते, तेव्हा त्यात थोडे गरम पाणी घालून पुन्हा उकळी आणावी.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी ट्रेमध्ये भाजण्याच्या पद्धतीचा मोकळेपणाने उपयोग करावा. बटाटे, गाजर, फुलकोबी, ढोबळी मिरची यांच्या साधारण सारख्या आकाराच्या फोडी थोड्या तेला-मिठात घोळवून २०० ते २२० अंश सेल्सिअसवर ठेवल्या की पंचवीस-तीस मिनिटांत त्या कडेने खरपूस होतात आणि त्याच ट्रेमध्ये चिकनचे छोटे तुकडे, पनीर किंवा आधीच उकडलेले काबुली चणे भाजता येतात. येथे वेळ लागतो तो ओव्हनला, आपल्याला नाही. मुलाला मैदानावरून आणायला निघण्यापूर्वी फोडी चिरून ट्रे झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि घरी आल्याबरोबर ओव्हन तापवावा, म्हणजे अंघोळ आणि भाजणे ही दोन्ही कामे शेजारीशेजारी पार पडतात. ट्रेमध्ये गर्दी केली तर भाज्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात, म्हणून दोन ट्रे वापरणे बरे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या रुंद तव्यात हेच साधते, फक्त बटाटे आणि गाजर आधी उकडून घ्यावे लागतात.

अंड्यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी, परंतु जाड ऑम्लेटचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि गोठवलेले मटार तव्यात गरम करून त्यांवर सहा-सात फेटलेली अंडी ओतावीत, मंद आचेवर झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे आणि चौकोनी किंवा तिकोनी तुकडे करावेत. चार जणांचे जेवण होते. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी डब्यात थंडही चांगला लागतो. गोठवलेल्या भाज्यांकडे कमी प्रतीचे अन्न म्हणून पाहण्याची सवय मात्र सोडायला हवी. मटार, मका, पालक यांसारख्या भाज्या काढणीनंतर लवकरच थोडा वेळ गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढून गोठवल्या जातात आणि त्यांतील जीवनसत्त्वे बरीच टिकून राहतात. फ्रीजमध्ये आठवडाभर पडून सुकलेल्या ताज्या भाजीपेक्षा त्या अनेकदा सरस असतात. त्यांना धुणे, निवडणे, चिरणे यांतले काहीच लागत नाही. डबाबंद कडधान्यांचेही तसेच. चाळणीत ओतून पाण्याखाली धुतली की त्यांतील मिठाचा बराचसा भाग निघून जातो.

आधी करून ठेवलेल्या अन्नाची पद्धत स्वीकारली की ते सुरक्षित कसे ठेवायचे हे शिकणे अपरिहार्य ठरते आणि या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, गार ठेवायचे ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर असावे, कारण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी लागते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकून राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते अंकुरून वाढतात आणि त्यांच्यामुळे तयार होणारे, उलट्यांना कारण ठरणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसासाठी भात ठेवायचा असेल तर तो पातेल्यात निवत ठेवू नये, पसरट भांड्यात पातळ थर करून लवकर गार करावा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशीच संपवावा आणि वाफा निघेपर्यंत एकदाच गरम करावा. इतर बहुतेक शिजवलेले पदार्थ फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगले राहतात. याचा अर्थ रविवारी केलेले अन्न बुधवारपर्यंत पुरते, गुरुवारपर्यंत नाही. पूर्ण आठवड्याचे जेवण रविवारी करून फ्रीजमध्ये रचून ठेवण्याची कल्पना म्हणूनच मला पटत नाही. गुरुवार-शुक्रवारचे भाग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जायला हवेत, किंवा बुधवारी पुन्हा अर्धा तास काढायला हवा. फ्रीझरमध्ये ठेवताना रस्सा किंवा सूप पिशवीत भरून आडवे, चपटे गोठवावे. ते लवकर गोठते, लवकर वितळते आणि जागाही कमी अडवते. वितळवण्यासाठी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावे, ओट्यावर ठेवून देऊ नये.

याच ओघात राजम्याविषयी एक इशारा द्यायलाच हवा, कारण सकाळी भरून ठेवलेला स्लो कुकर हा व्यग्र घरांना मोठा आधार वाटतो आणि तो बऱ्याच बाबतीत खराही आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक विषारी लेक्टिन असते. ते पुरेसे नष्ट होण्यासाठी राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळावा लागतो. स्लो कुकरमधील मंद उष्णता या कामाला पुरत नाही आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यामुळे जोराच्या उलट्या-जुलाब होतात. राजमा हवा असेल तर तो प्रेशर कुकरमध्ये शिजवावा, जेथे दाबामुळे पाण्याचे तापमान १०० अंशांच्या बरेच वर जाते, किंवा डबाबंद घ्यावा, कारण तो पूर्ण शिजवलेलाच असतो.

काही दिवशी दुसरा हप्ताही घरी शक्य नसतो. एका मैदानावरून दुसऱ्या तलावाकडे जाताना गाडीतच जेवावे लागते आणि नेमक्या त्याच दिवशी वाटेतले तळलेले अन्न सर्वांत सोयीचे वाटते. अशा दिवशी सकाळीच डबा ठरलेला असावा. तोंड रुंद असलेला थर्मास उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटे ठेवावा, ते पाणी ओतून देऊन त्यात कडकडीत गरम सूप किंवा रश्श्यातला पास्ता काठोकाठ भरावा. चांगला थर्मास असेल तर अन्न काही तास नीट गरम राहते. थंड डबा न्यायचा असेल, म्हणजे दह्याचा, अंड्याचा किंवा चिकनचा, तर बर्फाची पिशवी सोबत हवीच आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर बाहेर ठेवण्याची मर्यादा दोन तासांवरून एका तासावर येते. चमच्याविना खाता येईल असे, चुरा न सांडणारे पदार्थ गाडीत बरे पडतात.

पिण्याच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर पाणी आणि दूध पुरेसे आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०११ मध्ये स्पष्टपणे म्हटले होते की एनर्जी ड्रिंकना मुलांच्या आहारात स्थान नाही आणि नेहमीच्या खेळासाठी बहुतेक मुलांना स्पोर्ट्स ड्रिंकचीही आवश्यकता नसते. संध्याकाळी घेतलेले कॅफिन झोपेत अडथळा आणते, हे तर वेगळेच.

मला याहून अधिक काळजी वाटते ती मुलांच्या अपुऱ्या जेवणाची. आरोग्यदायी जेवण हा शब्दप्रयोग आपण मोठ्यांच्या संदर्भात वापरतो तेव्हा आपल्या मनात बहुतेकदा कमी खाणे, हलके खाणे असे असते आणि तोच अर्थ नकळत मुलांच्या ताटापर्यंत पोहोचतो. वाढीच्या वयात रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाची भूक आपल्याला अचंबित करण्याइतकी मोठी असू शकते आणि ती खरी असते. खेळासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार दीर्घकाळ अपुरा राहिला तर जे घडते त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव दिले. तिचा परिणाम मुलींच्या मासिक पाळीवर, हाडांच्या बळकटीवर, रोगप्रतिकारशक्तीवर, वाढीवर आणि मनःस्थितीवर होतो. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, हाडांना वारंवार बारीक तडे जाणे, सतत थकवा येणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. मुलगेही यातून सुटत नाहीत. म्हणून आमच्या घरी काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे मोठी माणसे ठरवतात, परंतु किती खायचे हे मूल ठरवते आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागितलेल्या भातावर कोणीही टिप्पणी करत नाही. वजन किंवा अंगकाठी हा विषय जेवताना निघू द्यायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

दोन हप्त्यांच्या या रचनेवर एक आक्षेप येतो की त्यामुळे कुटुंब एकत्र जेवत नाही. तो आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. परंतु एकत्र जेवण म्हणजे सर्वांनी सर्व काही एकाच वेळी खाणे, असा हट्ट धरला तर सरावाच्या दिवशी ते घडतच नाही. उलट पहिला हप्ता मिळालेले मूल रात्री सव्वाआठला चिडचिडे न होता टेबलावर बसते आणि बोलते. न खेळणारे धाकटे भावंड किंवा आजी-आजोबा यांना सव्वाआठपर्यंत ताटकळत ठेवू नये. त्यांनी सात वाजता जेवावे आणि नंतर फळ किंवा दही घेऊन सर्वांबरोबर बसावे. सर्वांसाठी अन्न एकच असावे, वेळ वेगळी असली तरी चालेल. प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करण्याची सवय लागली की कोणतीही योजना टिकत नाही.

या सगळ्याचा भार घरातील एकाच व्यक्तीवर पडला तरीही ती टिकत नाही. शिजवण्यापेक्षा काय संपले, काय वितळत ठेवायचे आणि कोणाला किती वाजता काय द्यायचे हे लक्षात ठेवण्याचे काम अधिक थकवणारे असते, म्हणून ते डोक्यातून काढून फ्रीजच्या दारावर लावावे. आमच्याकडे तेथे आठवड्याचा एक कागद असतो, ज्यावर प्रत्येक वाराखाली सरावाची वेळ, पहिला हप्ता, दुसरा हप्ता आणि आदल्या रात्री फ्रीझरमधून काय काढायचे हे लिहिलेले असते. तो कागद वाचता येणाऱ्या कोणीही ते काम करावे, अशी अपेक्षा असते. आठ वर्षांचे मूल गाजरे धुऊन सोलू शकते आणि दही वाढून घेऊ शकते, बारा-तेरा वर्षांचे मूल भात लावू शकते आणि अंडी उकडू शकते, पंधरा वर्षांचे मूल वर सांगितलेले मसुराचे सूप सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू शकते. ज्याचा त्या दिवशी सराव नसतो त्याने दुसऱ्याचा पहिला हप्ता तयार करायचा, असे आम्ही ठरवले आहे. परगावच्या सामन्यावरून रात्री साडेनऊनंतर परतणे होते तेव्हा मात्र चूल पेटवण्याचा आग्रह कोणीही धरत नाही. पाव, आधीच उकडून ठेवलेली अंडी, एक फळ आणि कोमट दूध एवढे पंधरा मिनिटांत होते आणि मूल सरळ झोपायला जाते.